तवंदीच्या घाटात मोडलेला चिमटा

प्रिय दाजी,

सवयीनं 'साष्टांग नमस्कार' लिहायला घेतलं आणि पेन थांबलं. माझा नमस्कार घ्यायचा की नाही, ते तुम्ही पत्र वाचून झाल्यावर ठरवा.

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. तुमच्या तेराव्याला मलकापूरच्या घरापुढं मांडव होता. जेवणं उरकल्यावर कारखान्यातले तुमचे पवार फोरमन बोलायला उभे राहिले. तुमचं मिलिटरीतलं नाव, फिटरकाम, हाताची सफाई, सगळं सांगून झालं. मग म्हणाले, "सवता केलेल्या सायकलीच्या पुढच्या चाकाचा चिमटा तुटला, मेव्हणा पडला. कुणी तक्रार केली न्हवती, कुणी बोट दावलं न्हवतं. तरी ह्या माणसानं भट्टी इझवली ती परत पेटवली न्हाई! असा इमानदार गडी आमी बघितला न्हाई."

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं वळल्या. तो मेव्हणा मीच ना! मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, मी रडतोय.

मांडवातून निघताना कडेगावकडची सुमन नर्सबाई माझ्यापाशी आली. तिला तुम्ही सायकल करून दिली होती आणि नंतर काढून घेतली होती. म्हणाली, "दादा, खांदा आता दुखत न्हाई न्हवं?"

दाजी, सहा वर्षांनी तिनं माझ्या खांद्याची चौकशी केली! मी "नाही" म्हणालो आणि मांडवाच्या मागं जाऊन उभा राहिलो. म्हणून लिहितोय. जिवंतपणी सांगायला तुम्ही मला सहा वर्षं दिलीत, ती मी घालवली.

आठवतं, मी पहिल्यांदा तुमच्या सोप्यात आलो तेव्हा काय पसारा होता? मी तेव्हा सांगलीत विश्रामबागला कॉलेजात शिकत होतो. सुट्टी लागली की अक्काकडं. तुम्ही पंधरा वर्षं मिलिटरीच्या वर्कशॉपात काढून घरी आलेले. कारखान्यातून आलात की चहा घेऊन थेट सोप्यातल्या बाकड्यावर. समोर कुणाची तरी सायकल उलटी उभी. रॉकेलच्या परातीत छर्रे बुडवलेले, वर्तमानपत्रावर नटबोल्ट ओळीनं मांडलेले. अक्का त्या ओळीवरून लुगडं सावरत उडी मारून पलीकडं जायची. एकदा तिचा पाय लागून ओळ विस्कटली. तुम्ही रागावला नाहीत, सगळी ओळ पुन्हा पहिल्यापासून लावलीत.

ओव्हरहॉलिंग तर सगळेच दुकानदार करायचे. तुमचं वेगळं होतं. दुकानातली सायकल माणसाला चालवायची, तुम्ही माणूस बघून सायकल करायचात. एका गुरुजींचा गुडघा वाकत नव्हता, त्यांना त्या बाजूला आखूड दांडीचं पायडल लावून दिलंत. सुमन नर्सबाई उंचीनं लहान, अंगावर पांढरी साडी, सोबत लशीची पेटी. तिला आमच्या दारात उभं करून तुम्ही सुतळीनं माप घेतलंत.

"पाय जमिनीला टेकला पायजे, बाई. वाटंत कुत्रं आडवं आलं तर उतरता आलं पायजे."

"आनि पेटी, दादा? बाटल्या फुटत्यात."

तुम्ही पेटी पुढच्या चाकावर घेतलीत, खाली जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून. दुष्काळाच्या साली ती बाई त्या सायकलीवर खडी फोडायच्या कामांवर फिरली, वाड्यावस्त्यांवर फिरली. एक बाटली फुटली नाही! हे तिनंच येऊन सांगितलं, तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी नंतर कधी बघितलं नाही. कारण नंतर ते राहिलंच नाही.

मग माझी सायकल. दुष्काळ सरला त्या साली मी आणि कॉलेजातला अशोक, आम्ही कन्याकुमारीपर्यंत सायकलनं जायचं ठरवलं. अक्कानं कपाळाला हात लावला. तुम्ही मात्र विचारलंत, "पाव्हणं, दिवसाला किती मैल?"

तीन महिने तुम्ही माझ्या सायकलीवर घालवलेत. एका जुन्या चोवीस इंचीचा सांगाडा घेऊन खरवडून पार लोखंडापर्यंत आणला. मागचं चाक थोडं लांब घेतलंत, ओझं नीट बसावं म्हणून. प्रत्येक आरा बोटानं वाजवून, खडू धरून चाकाचा आऊट काढून ते सरळ फिरतं केलंत. आणि चिमटा! पुढचं चाक धरणारे ते दोन पाय तुम्ही बाजारातून आणले नाहीत. चांगली नळी आणून, वाळू भरून, तापवून तिला बाक दिलात. म्हणालात, "रस्त्याचा दणका हितं जिरला पायजे. न्हाईतर आठ दिवसांत मनगटं जात्यात." मग कोळशाची भट्टी, टाकणखार, सांधा जोडायला पितळेचा डाख. सांधा लाल झाला आणि पितळ पाण्यासारखं आत उतरलं, तेव्हा मी भाता ओढत होतो. तुम्ही श्वास रोखून धरला होता.

निघायच्या आदल्या दिवशी सायकल माझ्या ताब्यात देताना तुम्ही हँडल सोडत नव्हता.

"एक वचन द्या, पाव्हणं. घाटात ट्रकला धरायचं न्हाई. लय दमला तर उतरा, ढकलत न्या. त्यात लाज न्हाई. मी एक जवान गेलेला बघितलाय."

"शपथ, दाजी. नाही धरणार."

अक्का दारात उभी होती. तिनंही ऐकलं.

सांगलीहून निघालो तेव्हा गल्लीनं हार घातले. मिरज, कोल्हापूर, निपाणी. सायकल लोण्यासारखी चालत होती. अशोकची दुकानातली सायकल करकरायची, माझी गप्प. तिसऱ्या दिवशी तवंदीचा घाट लागला. अशोक अंगानं काटक, तो चढत पुढं गेला, वळणाआड दिसेनासा झाला. मला ते सोसलं नाही. उतरून ढकलत नेलं असतं तर वर पोचल्यावर तो हसला असता, बस्स. तेवढ्यासाठी, दाजी! तेवढ्याशा हसण्याला भिऊन मी शेजारून कण्हत जाणाऱ्या ट्रकच्या फाळक्याची साखळी धरली.

दोन मिनिटं स्वर्ग होता, खोटं कशाला सांगू! पाय हलवायचे नाहीत, चढ आपोआप मागं पडतोय. मग वळणावर म्हशी आडव्या आल्या. ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक मारला. मी सरळ मागून ट्रकवर आदळलो. चाक दुमडलं, चिमट्याचे दोन्ही पाय मागं वळले, मी डाव्या खांद्यावर पडलो. क्लीनर खाली उतरला, मला शिव्या घातल्या, रस्त्याच्या कडेला बसवलं आणि भानगड नको म्हणून ट्रक निघून गेला.

मी बसल्या बसल्या चिमटा बघितला. नळ्या वाकल्या होत्या. तुमचा सांधा तसाच होता. चिरासुद्धा नव्हती! एवढा दणका बसूनही तुमचं पितळ सुटलं नव्हतं. हे मी डोळ्यांनी बघितलं, दाजी, आणि तरीही.

अशोक मागं फिरून खाली आला. "काय झालं रे?" त्यानं विचारलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "चिमटा तुटला."

ठरवून बोललो नव्हतो. पण पुढचं सगळं ठरवून केलं. निपाणीत डॉक्टरांनी खांदा बांधला. अशोक तार करायला गेला. दवाखान्यासमोर भंगाराचं दुकान होतं. भंगारवाल्याकडून मी तो चिमटा काढून घेतला आणि तिथंच टाकला. तुम्ही बघितला असता तर एका नजरेत ओळखलं असतं ना! वाकलेली नळी आणि सुटलेला सांधा यातला फरक तुम्हाला कोण शिकवणार?

मला मलकापूरला आणलं. तुम्ही कारखान्यातून तसेच धावत आलात, हाताला ग्रीस. खाटेपाशी बसलात. कुठं लागलंय, हे विचारून झाल्यावर म्हणालात, "चिमटा कुटं हाय?"

"टाकला, दाजी. निपाणीत."

"आणायचा हुतास रं. कुटं चुकलं ते कळलं असतं." मग विचारलंत, "डावीकडनं सुटला का उजवीकडनं?"

मी म्हणालो, "डावीकडनं."

का म्हणालो डावीकडनं? खांदा डावा दुखत होता म्हणून असेल. एक शब्द. तुम्ही त्यावर सहा वर्षं विचार केलात! दुसऱ्या दिवशी मला दाखवलंत, "हे बघ, बाकड्यावर डाव्या अंगाला माझीच सावली पडती. तितंच डाख कमी उतरला असणार." आणि बाकडं उचलून खिडकीच्या दुसऱ्या बाजूला नेलंत. मी खाटेवरून बघत होतो. तोंड उघडायला काय धाड भरली होती मला?

त्या दिवसापासून तुम्ही मला 'पाव्हणं' म्हणणं सोडलंत. नुसतं 'विलास'. थट्टा करायचा हक्क गेला, असं वाटलं होतं का तुम्हाला? मी अपराधी, आणि संकोच तुम्हाला!

मग तुम्ही एसटीनं कडेगावला गेलात. सुमन नर्सबाईला म्हणालात, "बाई, सायकल परत द्या. माझ्या कामाचा भरोसा न्हाई." ती नको म्हणत होती. तिला तिची सायकल ठाऊक होती. तुम्ही ऐकलं नाहीत. आणि ती सायकल एसटीच्या टपावर टाकली नाहीत, स्वतः चालवत मलकापूरला आणलीत. अक्का ओरडली, "आवं, भरोसा न्हाई म्हणता आनि तिच्यावरच बसून आलासा?"

तुम्ही म्हणालात, "तुटली तर माझ्याखाली तुटू दे."

माझी सोडून सात सायकली केल्या होत्या तुम्ही. साती जणांच्या दारात गेलात. माझा खांदा बांधलेला होता म्हणून मी घरीच होतो, आणि एकेक सायकल सोप्यात येताना बघत होतो. मग करवत घेऊन तुम्ही नर्सबाईच्या सायकलीचा चिमटा सांध्यात आडवा कापलात. आत पितळ सगळीकडं सारखं उतरलं होतं, अंगठीसारखं गोल. तुम्ही तो तुकडा उन्हात नेऊन फिरवून फिरवून बघितलात.

"हा नीट हाय," म्हणालात.

दुसरा कापलात. "हाबी नीट हाय."

तिसरा नीट होता. मग तुम्ही खाली बसलात, तुकडा माझ्यापुढं धरलात. "मग तुझाच कसा तुटला, विलास?"

दाजी, तुम्ही शेजारी बसला होता. घरात दुसरं कुणी नव्हतं, अक्का विहिरीवर होती. तुम्ही मारलं नसतं. शिवीही दिली नसती. एक वाक्य बोललो असतो, तर उरलेले चार चिमटे वाचले असते आणि तुम्हीही वाचला असता. मी म्हणालो, "काय की."

तुम्ही मान हलवलीत. "चूक दिसली असती तर सुधारली असती. दिसंना म्हंजे हातच दगा देतोय. मला कळतबी न्हाई कवा देतोय ते."

साती चिमटे कापून झाले. सातही नीट होते. त्या संध्याकाळी तुम्ही भट्टीच्या विटा काढून न्हाणीघराच्या पायरीला लावल्यात.

सहा जणांना बाजारचे चिमटे बसवून सायकली परत केल्यात. नर्सबाईच्या सायकलीला बाजारचा कुठलाच चिमटा बसेना, कारण ती सायकल तिच्या मापाची, पेटीच्या मापाची. ती तशीच भिंतीला टेकून राहिली आणि ती बाई चालायला लागली. ज्या वाडीवर आठवड्यातून तीनदा जायची तिथं एकदा जायला लागली. हे मला पुढं तिच्याच तोंडून कळलं. तक्रार नव्हती तिची. सहज सांगत होती, "पाय दुखत्यात, दादा, पण काम हाय."

मला नोकरी लागली. विश्रामबागेतल्या एका ऑफिसात टेबल मिळालं, लग्न झालं. मलकापूरला यायचो तेव्हा तुम्ही लोकांच्या सायकली खोलून, धुऊन, ग्रीस भरून परत जोडत असायचात. पण कुठं डाख देणं नाही, वाकवणं नाही, विस्तव नाही. कुणी म्हणालं, "दादा, जरा एवढा डाख द्या की," तर म्हणायचात, "माझ्याकडनं नगं. कराडात जावा."

एक विचारू? रागावू नका. तुम्ही मला एकदाही दरडावून का नाही विचारलंत? मिलिटरीतला माणूस तुम्ही! पोराचा चेहरा बघून कळत नाही का? सहा वर्षं तुम्ही लोखंडावर संशय घेतलात, पितळेवर घेतलात, सावलीवर घेतलात, स्वतःच्या हातावर घेतलात. माझ्यावर एकदाही घेतला नाहीत. एवढा विश्वास ठेवायला नको होता, दाजी! पण बघा, इथंसुद्धा मी तुम्हालाच बोल लावतोय.

शेवटच्या दुखण्यात तुम्हाला सांगलीला दवाखान्यात आणलं. मी रोज संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर येत होतो. छातीत पाणी झालं होतं, बोलताना दम लागायचा. रोज येताना ठरवायचो, आज सांगायचं. एक दिवस तुम्हीच हाक मारलीत.

"विलास, तवंदीच्या चढाला तू बसून पायडल मारत हुतास का उभा राहून?"

मला कळलं, तुमचं अजून चाललंय. बोलायला ही शेवटची जागा होती. अक्का बाहेर मोसंबी आणायला गेली होती. मी तुमचा हात धरला आणि म्हणालो, "उभा राहून."

तुमचा चेहरा किती मोकळा झाला! "तरीच. उभा राहिला की एका अंगावर जोर येतो. मी बसून चालवायचं माप धरलं हुतं." डोळे मिटून म्हणालात, "तुजी चूक न्हाई रं. मीच ते धरायला पायजे हुतं."

तुम्हाला बरं वाटावं म्हणून खोटं बोललो, असं मी त्या दिवशी रस्त्यानं स्वतःला पटवत गेलो. खरं तसं नव्हतं. मला बरं वाटावं म्हणून बोललो. तुम्ही तिसऱ्या दिवशी गेलात.

इथवर लिहून मी काल पत्र बाजूला ठेवलं आणि मलकापूरची एसटी धरली. अक्का सोप्यात एकटीच बसली होती, सुपात गहू होते. मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. ट्रक, साखळी, भंगार, डावीकडनं, उभा राहून. काही गाळलं नाही.

ती गहू निवडत राहिली. मग हात थांबला.

"सहा वर्सांमागं," ती म्हणाली, "शेजारच्या काकींच्या पाळण्याची कडी सुटली हुती. ह्यांनी हातात घेतली, उलटीसुलटी केली. भट्टी लावू का म्हणून माझ्याकडं बघितलं. मी म्हणले, राहू द्या, आता तुमच्यानं व्हायचं न्हाई." तिनं सूप बाजूला सारलं. "मी म्हणले, विलास! त्यांच्या तोंडावर म्हणले. त्यांनी कडी खाली ठिवली. ते बोलणं आता मी कुटं जाऊन माघारी घेऊ, सांग की रं!"

मी पाय धरायला वाकलो. तिनं पाय मागं घेतले.

"माझ्यापुढं रडू नगंस. ते सात दारांत मान खाली घालून गेल्यात. तू जा त्या दारांत. जा आनि सांग."

तिनं चहा विचारला नाही. लहानपणापासून कधी असं झालं नव्हतं. मी निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली नाही. परत येताना एसटीत मला वाटत होतं, सांगून टाकल्यावर हलकं वाटेल. वाटलं नाही, दाजी. तुमच्याबरोबर मी तिलाही सहा वर्षं फसवलं होतं, आणि तिच्या तोंडी ते वाक्य मीच घातलं होतं, एवढं फक्त नव्यानं कळलं.

तुम्ही माफ करा, असं मी लिहिणार नाही. तुम्ही केलं असतंत, हे मला माहीत आहे, आणि त्याचीच लाज जास्त वाटते.

येत्या रविवारी मी कडेगावला जातोय. पहिलं दार सुमन नर्सबाईचं. मग गुरुजींचं, मग उरलेली पाचही. शेवटी कारखान्याच्या फाटकावर, पाळी सुटताना, पवार फोरमनना सगळ्यांदेखत गाठणार आहे. कुणी हसेल, कुणी थुंकेल, कुणी दारातूनच परत लावेल. मी तेव्हाचं माझं वय सांगणार नाही, दमलो होतो म्हणणार नाही, म्हशींचं नाव काढणार नाही. प्रत्येक दारात उभा राहून एवढंच सांगेन, हे वचन देतो: "दाजींचं काम चोख होतं. मी ट्रकची साखळी धरली होती, आणि त्यांच्याशी खोटं बोललो."

तुमचा मेव्हणा,
विलास